सांगितलं होतं

'तरी मी सांगितलं होतं.' हे वाक्य आपण सगळेच बोलतो. मूल धडपडलं की आई बोलते, शेअर बुडाले की मेव्हणा बोलतो, पूर ओसरला की सरकार बोलतं. ते नेहमी सगळं घडून गेल्यावर येतं, आणि त्यात समोरच्याच्या दुःखापेक्षा बोलणाऱ्याच्या सुटकेची काळजी जास्त असते. दोन वर्षांपूर्वीच्या जानेवारीत, पूर्व दिल्लीतल्या आमच्या सोसायटीच्या फाटकाशी उभं राहून, मी हेच वाक्य हिंदीत बोललो : 'नोटिस लगाया तो था.' त्या वाक्याने मला नंतर बराच त्रास दिला. तो इथे मांडतो आहे, कारण तो माझ्या एकट्याचा असेल असं मला वाटत नाही.

मी या शहरात बत्तीस वर्षं राहतो. नोकरी संपल्यावर सोसायटीच्या समितीत ओढला गेलो, आणि लिहिता येणारा माणूस म्हणून सूचना लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं. दिल्लीत ऋतू बदलला की सूचना बदलते. मे महिन्यात उन्हाची : दुपारी बाहेर पडू नका, पाणी पीत राहा. पावसाळ्यात डेंग्यूची : कूलरमधलं पाणी आठवड्याला बदला, कुंड्यांखालच्या ताटल्या रिकाम्या करा. दिवाळीच्या सुमारास धुराची : पहाटे फिरायला जाऊ नका, मास्क लावा. आणि डिसेंबर सरताना, थंडी खाली उतरली की : बंद खोलीत अंगीठी पेटवून झोपू नका.

अंगीठी म्हणजे आपली शेगडी. मुंबई-पुण्याच्या वाचकाला ही सूचना थोडी लांबची वाटेल. उत्तरेत ती दरवर्षी कोणाच्या तरी मरणाने ताजी होते. मैदानी प्रदेशात किमान तापमान 4 अंशांवर किंवा त्याखाली गेलं की हवामान खातं थंडीची लाट आली असं म्हणतं. अशा रात्री पातळ भिंतींच्या एका खोलीत चार-पाच माणसं झोपतात, मध्ये निखाऱ्यांचं घमेलं असतं, आणि सकाळी शेजारी दार ठोठावत राहतात. वर्तमानपत्रात आतल्या पानावर चौकटीत बातमी येते. बातमीच्या शेवटी प्रशासनाने नागरिकांना काळजी घेण्याचं आवाहन केलेलं असतं.

आमच्या फाटकाशेजारी चौकीदाराची खोली आहे. आठ बाय दहाची, वर सिमेंटचा स्लॅब, लोखंडी दार, एक खिडकी. चौकीदार बिहारमधला, कोसीच्या काठचा. त्या हिवाळ्यात बायको आणि दोन मुलं त्याच्याकडे आली होती. मुलगी नऊ वर्षांची, मुलगा चारचा. मुलाला आठ दिवस खोकला होता. फाटकाबाहेर झाडाखाली इस्त्रीवाल्याची टपरी आहे. दिल्लीत बरेच इस्त्रीवाले अजून कोळशाची जड इस्त्री वापरतात. आम्हा सगळ्यांचे कपडे तिथेच जातात. संध्याकाळी काम संपलं की उरलेले निखारे तो चौकीदाराच्या बायकोला द्यायचा. ती घमेलं आधी दाराबाहेर ठेवायची, धूर संपून कोळसे लाल झाले की आत घ्यायची.

त्या पहाटे साडेचारच्या सुमारास चौकीदार चहासाठी खोलीकडे गेला. हाक मारली, उत्तर नाही. तो येणार म्हणून दाराला आतून कडी नव्हती, नुसती वीट लावलेली होती. त्या विटेने तिघांचे जीव वाचवले. त्याने दार ढकललं आणि एकेकाला ओढून बाहेर आणलं. मुलगी ओकत होती. बायकोला उभं राहता येत नव्हतं. मुलगा मान टाकून पडला होता.

आरडाओरडा ऐकून मी खाली उतरलो. हातात करोनाच्या काळात घेतलेला ऑक्सिमीटर होता. मुलाच्या बोटाला लावला. आकडा आला 97. मी मोठ्या अधिकाराने म्हणालो, 'ऑक्सिजन ठीक आहे, थंडीने गारठला असेल.' आमच्या मजल्यावरची एक मुलगी नर्सिंग शिकते. तिने तो चिमटा काढून टाकला आणि म्हणाली, 'काका, याच्यात हे यंत्र फसतं. आधी गाडी काढा.'

रुग्णालयात तिघांना ऑक्सिजनचा मास्क लावला. बायको आणि मुलगी संध्याकाळपर्यंत बोलायला लागल्या, मुलाला दोन दिवस ठेवून घेतलं. तिथल्या तरुण डॉक्टरने मला समजावलं ते असं. कोळसा अपुऱ्या हवेत जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो, त्यामुळे श्वास चालू असतो आणि शरीर मात्र गुदमरत असतं. बोटावरच्या साध्या ऑक्सिमीटरला ऑक्सिजनने भरलेलं रक्त आणि या वायूने भरलेलं रक्त यांतला फरक कळत नाही, म्हणून तो 97 दाखवतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला 4 ते 5 तास लागतात, मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तास. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग झोप येते. आणि हिवाळ्याच्या रात्री झोप येण्यात कोणाला काय संशय येणार?

दुपारी चौकीदार खोलीवर कपडे आणि आधार कार्डं न्यायला आला. फाटकाशी सातआठ जण जमले होते. कोणी म्हणालं, 'हे लोक ऐकतात कुठे!' आणि मी ते वाक्य बोललो. नोटीस मागे भिंतीवरच होती, माझ्याच अक्षरात. चौकीदाराने तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. म्हणाला, 'पढ़े थे, बाबूजी. चिपकाए भी तो हम ही थे.'

खरंच. डिंकाची बाटली मीच त्याच्या हातात दिली होती.

त्या उत्तरात राग नव्हता, टोमणाही नव्हता. मी विचारलेल्या गोष्टीला त्याने सरळ उत्तर दिलं होतं. पण त्या एका वाक्याने माझ्या पायाखालचं एक गृहीतक निघून गेलं. आपल्या सगळ्या जनजागृतीच्या मुळाशी हे गृहीतक असतं की माणसाला माहीत नसतं म्हणून तो धोक्यात जातो. त्याला सांगा, चित्र काढून दाखवा, त्याच्या भाषेत सांगा, आणि धोका टळेल. इथे माणसाला माहीत होतं. त्याच्या बायकोलाही माहीत होतं. बरी झाल्यावर तिने माझ्या पत्नीला सांगितलं की खिडकी उघडी ठेवायची हे तिला ठाऊक होतं, आणि पहिले दोन-तीन दिवस तिने ठेवलीही. पण मुलाची छाती रात्रभर वाजत होती. वारा थेट त्याच्या अंगावर यायचा. त्या रात्री तिने खिडकीत पोतं कोंबलं. कानाने ऐकू येणारा एक धोका होता आणि नोटिशीत वाचलेला दुसरा. आईने ऐकू येणारा निवडला. याला अज्ञान म्हणता येत नाही. हा हिशोब होता, आणि तिच्या हातात जे दोन आकडे होते त्यांच्यावर तो चुकलेलाही नव्हता.

घरी येऊन मला माझी आजी आठवली. साताऱ्याजवळच्या आमच्या घरात बाळंतिणीची खोली काळोखी असायची. खाटेखाली शेगडी, बाळाला धुरी, दाराला जाड पडदा. शेक-शेगडी चाळीस दिवस चालायची. त्या खोलीत आमच्या घरातल्या कितीतरी बायकांनी आणि बाळांनी निखाऱ्याशेजारी रात्री काढल्या. मग तिथे कोणी का गुदमरलं नाही? आजीला कार्बन मोनॉक्साइड माहीत होता म्हणून नाही. छप्पर कौलारू होतं म्हणून. कौलांच्या फटींतून हवा येत-जात होती. काळजी कोणाला घ्यावीच लागत नव्हती, घरच ती घेत होतं. माणसं सिमेंटच्या स्लॅबखाली राहायला आली तेव्हा सवय बरोबर आली आणि कौलं मागे राहिली. कोसीकाठच्या फुसाच्या झोपडीतून आलेल्या त्या बाईचंही हेच झालं. तिच्या गावात निखारा आत घेणं हा शहाणपणा होता. महाराष्ट्रात बंद बाथरूममधल्या गॅस गीझरने माणसं दगावल्याच्या बातम्या वाचतो, तेव्हा तिथेही गोष्ट तीच असते : ज्वाला तीच, खोली मात्र घट्ट झालेली.

इथपर्यंत मी स्वतःला दोष देण्यासारखं काही नव्हतं. पण आठवड्याने समितीची जुनी फाइल माझ्या हाती आली. विम्याच्या कागदासाठी उघडली होती. त्यात त्याच्याही दोन वर्षं आधीचा एक ठराव निघाला : 'चौकीदाराच्या खोलीत विजेचा हीटर किंवा इमर्शन रॉड वापरू नये.' कारण लिहिलं होतं, सुरक्षेसाठी. खरं कारण मला आठवत होतं. आधीच्या चौकीदाराने हीटर लावला तेव्हा सामायिक मीटरचं बिल वाढलं होतं आणि एका सदस्याने बैठकीत ते वाचून दाखवलं होतं. खोलीतली वायर बारीक होती हेही खरं, पण ती बदलण्याचा विषय कोणी काढला नाही. ठराव माझ्या अक्षरात होता. खाली माझी सही होती.

म्हणजे मी आधी त्या खोलीतला हीटर बंद केला, आणि मग त्याच खोलीच्या भिंतीवर लिहून लावलं की शेगडी पेटवू नका. दोन्ही कागद सुरक्षेबद्दल होते. दोन्ही वेळी मला आपण जबाबदारीने वागत आहोत असं वाटलं होतं.

मग प्रश्न असा उरतो : धोक्याची सूचना दिली की जबाबदारी कोणाकडे जाते?

रूढ उत्तर आहे : ऐकणाऱ्याकडे. कायद्यातही याला आधार आहे. जो जाणूनबुजून धोका पत्करतो त्याला नंतर नुकसानीची तक्रार करता येत नाही, असं एक जुनं तत्त्व रोमन काळापासून चालत आलं आहे. पण हे तत्त्व कुठवर ताणायचं यावर 1891 साली इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्ससमोर एक खटला आला होता, स्मिथ विरुद्ध बेकर. रेल्वेमार्गासाठी खडक फोडण्याच्या कामावर एक मजूर होता. तो खाली छिद्रं पाडत असे आणि त्याच्या डोक्यावरून क्रेनने दगड नेले जात. हे धोक्याचं आहे हे त्याला पक्कं माहीत होतं. एक दिवस दगड पडला. मालकाचं म्हणणं, माहीत असून काम करत राहिला म्हणजे त्याने धोका मान्य केला. लॉर्ड्सनी बहुमताने ते नाकारलं. धोका माहीत असणं आणि धोक्याला संमती देणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा त्या निकालाचा गाभा. पोटासाठी दगडाखाली उभ्या राहिलेल्या माणसाने 'मला माहीत आहे' म्हटलं, तर त्याचा अर्थ 'माझी हरकत नाही' असा होत नाही.

'पढ़े थे, बाबूजी' या वाक्यातही इतकंच होतं. त्याला माहीत होतं. त्याने मान्य केलं नव्हतं.

पण कायदा भरपाईपुरता बोलतो. मला पडलेला प्रश्न त्याच्या अलीकडचा आहे, सूचना लिहायला बसतो त्या क्षणाचा. ऋतूप्रमाणे कसं राहावं हे सांगण्याची आपली परंपरा फार जुनी आहे, म्हणून मी तिच्याकडे वळलो. वाग्भटाच्या 'अष्टांगहृदया'त सूत्रस्थानाचा तिसरा अध्याय ऋतुचर्येचा आहे. हेमंतात काय करावं? अंगाला तेल लावावं, केशर-कस्तुरीचा लेप घ्यावा, अगरूचा धूप घ्यावा, हलकी आणि उबदार पांघरुणं घ्यावीत. आणि पुढे चक्क असं म्हटलं आहे की निखाऱ्यांनी ऊबवलेल्या आतल्या दालनात किंवा तळघरात राहणाऱ्याला थंडीचा त्रास होत नाही. माझी नोटीस जे करू नका म्हणते, तेच वाग्भट सुचवतो. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हसू आलं. मग लक्षात आलं की वाग्भटाचा वाचक कोण आहे. ज्याच्या घराला आतलं दालन आहे, कस्तुरी परवडते आणि निखारे राखायला माणूस आहे, तो. वाग्भट त्याच्याशी बोलतो आणि तो ते करू शकतो. ऐकणारा आणि करू शकणारा हा तिथे एकच माणूस आहे, म्हणून तो उपदेश प्रामाणिक आहे.

माझ्या नोटिशीत हे दोघे वेगळे झाले होते. ऐकणारा होता चौकीदार. करू शकणारी होती समिती, म्हणजे मी. ती नोटीस चुकीच्या भिंतीवर लागली होती. ती फाटकाशी नाही, समितीच्या बैठकीच्या खोलीत लागायला हवी होती.

एकदा हे दिसलं की मग ठिकठिकाणी दिसू लागतं. दुपारी उन्हात काम करू नका, हे रस्त्यावर डांबर ओतणाऱ्या बाईला सांगून काय उपयोग? तिच्या कामाचे तास ठेकेदार ठरवतो. पाणी साठवून ठेवू नका, डास होतात, हे ज्या वस्तीत एक दिवसाआड नळ येतो तिथे कोणाला सांगायचं? पावसाळ्यात गुडघाभर पाण्यातून चालू नका, हे ज्याला आठ वाजता दुकानाचं शटर उघडायचं आहे त्याला? अशा प्रत्येक सूचनेत एक क्रियापद असतं, आणि त्या क्रियापदाचा खरा कर्ता बऱ्याचदा सूचना वाचणारा नसतोच.

यावर एक आक्षेप मी स्वतःच घेतो. असं म्हटलं तर सांगणं व्यर्थ ठरतं का? आणि गरीब माणसाच्या हातात काहीच नसतं, असं म्हणणं हाही त्याचा अपमान नाही का? चौकीदार स्वतः तसं म्हणत नव्हता. तो रुग्णालयात मला दोनदा म्हणाला, चूक आमची झाली. ती जबाबदारी त्याच्याकडून हिसकावून घेण्याचा मला अधिकार नाही. तो सज्ञान माणूस आहे, बाप आहे. त्याने आपला वाटा उचलला. प्रश्न एवढाच की त्याने उचलल्यामुळे माझा वाटा संपला का?

आणि सांगणं व्यर्थ तर नसतंच. शेजारच्या बांगलादेशातलं एक उदाहरण मला या बाबतीत मोलाचं वाटतं. जुलाबाने मुलं मरत होती, आणि घरच्या घरी मीठ-गूळ-पाण्याचं द्रावण देऊन ती वाचू शकत होती. 1980 ते 1990 या काळात ब्रॅक या संस्थेच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि सुमारे 1 कोटी 20 लाख घरांतल्या आयांना त्यांनी हे द्रावण करायला शिकवलं. चिमूटभर मीठ, मूठभर गूळ, अर्धा शेर पाणी. नंतर दुसरा माणूस काही घरांत जाऊन बघायचा की आईला किती आठवतं, द्रावण नीट करता येतं का, आणि त्यावर शिकवणारीचे पैसे ठरायचे. आईला आठवलं नाही तर कमी पैसे. इथे दोन गोष्टी आहेत. मीठ, गूळ, पाणी हे तिघंही त्या आईच्या घरात होते, म्हणजे जिला सांगितलं ती ते करू शकत होती. आणि सांगणारीचं काम सांगून संपत नव्हतं. ऐकणारीच्या हातून ते झालं की मग संपत होतं. 'मी सांगितलं होतं' हे वाक्य त्या कार्यकर्तीला पगाराच्या दिवशी उपयोगाचं नव्हतं.

हेच मला महाभारतात विदुराच्या वागण्यात दिसतं. पांडव वारणावताला निघाले तेव्हा तिथलं घर लाखेचं आहे, ते पेटणार आहे, हे विदुराला कळलं होतं. त्याने युधिष्ठिराला इतरांना न समजेल अशा बोलीत सावध केलं. आगीपासून बिळात राहणारा प्राणी वाचतो, अशा आशयाचं काही. युधिष्ठिर म्हणाला, समजलं. सूचना देणाऱ्याचं काम इथे संपायला हरकत नव्हती. पण विदुराने पुढे एक खणणारा माणूस पाठवला. त्याने आत राहून भुयार खणलं. बिळात जा असं सांगणाऱ्याने बीळ खणून दिलं. सूचना आणि भुयार यांत जे अंतर आहे, ते माझ्या नोटिशीत आणि त्या ठरावात होतं.

पण ही कथा इथे थांबत नाही, आणि मलाही थांबता येत नाही. ज्या रात्री पांडव भुयारातून निसटले, त्या रात्री त्या घरात एक निषादी आणि तिची पाच मुलं झोपली होती. कुंतीकडे जेवायला आली होती. तिला कोणी काही सांगितलं नव्हतं. सकाळी सहा जळालेली शरीरं सापडली आणि लोकांना वाटलं, पांडव गेले. भुयार ज्यांच्यासाठी खणलं, ते वाचले.

आम्ही आमचं भुयार खणलं. फेब्रुवारीच्या बैठकीत मी जुना ठराव वाचून दाखवला आणि त्याखालची सहीही दाखवली. एक सदस्य म्हणाले, 'आज हीटर दिला तर उद्या एसी मागतील.' दुसऱ्या म्हणाल्या, 'एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच झालं ना?' तासभर वाद झाला. शेवटी खोलीला जाड वायर टाकली, तेलाचा हीटर घेतला, खिडकीचं वरचं तावदान काढून जाळी बसवली. वारा मुलांच्या अंगावर येणार नाही इतक्या उंचीवर. साडेआठ हजार रुपये खर्च आला. चौसष्ट घरांत वाटला तर घरामागे 133 रुपये. त्या 133 रुपयांसाठी आम्ही दोन हिवाळे एक नोटीस लावत होतो.

पुढच्या डिसेंबरला नोटीस मी पुन्हा लिहिली. या वेळी वरच्या भागात समितीने काय केलं आहे ते लिहिलं : हीटर आहे, जाळी आहे, वायर तपासली आहे. मग सूचना. डोकं दुखून मळमळ झाली आणि खोलीतल्या सगळ्यांनाच एकदम झाली तर थंडी समजू नका, दार उघडा, बाहेर या, ऑक्सिमीटरवर विसंबू नका, रुग्णालयात जा. सगळ्यात खाली माझा फ्लॅट नंबर, रात्री केव्हाही. समितीतल्या एकाने विचारलं, नोटिशीत स्वतः काय केलं ते कशाला लिहायचं? मला वाटतं, ते लिहिता येत नसेल तर उरलेलं लिहिण्याचा हक्क कमी पडतो. सूचना ही एक प्रकारची कर्जाची कबुली आहे. 'हे करू नका' असं म्हणताना मी कबूल करतो की तुम्हाला ते का करावं लागतं हे मला माहीत आहे.

हे सगळं झाल्यावर मला थोडं हलकं वाटलं होतं. मग गेल्या महिन्यात शर्ट आणायला टपरीवर गेलो, तेव्हा इस्त्रीवाला इस्त्रीतले निखारे एका डब्यात काढत होता. मी विचारलं, आता हे कोणाला देतोस? तो म्हणाला, 'घर ले जाते हैं, बाबूजी.' त्याचं घर म्हणजे नाल्याच्या कडेला विटांच्या भिंती आणि वर पत्रा, पत्र्याखाली थंडी येऊ नये म्हणून फ्लेक्स ताणलेला. तिथे तो, बायको, म्हातारी आई आणि तीन मुलं. मी त्याला सगळं समजावून सांगितलं. निखारा, वायू, झोप. तो इस्त्री पुसत ऐकत होता. म्हणाला, 'जी, गेट पर पढ़ा है.'

वर्षभर मी त्या निखाऱ्यांचा विचार करत होतो, ते जिथून येत होते त्या माणसाचा केला नव्हता. तो आमचा नोकर नाही, त्याची खोली आमच्या कुंपणात नाही. चौसष्ट घरांचे कपडे मात्र त्याच कोळशावर इस्त्री होतात.

घरून दोन रजया दिल्या आहेत. ते पुरेसं नाही हे मलाही कळतं. फाटकाच्या खांबापासून टपरीपर्यंत वीस फूट वायर टाकून त्याला विजेच्या इस्त्रीचं कनेक्शन आणि स्वतंत्र छोटा मीटर द्यावा, म्हणजे कोळसाच राहणार नाही, असा प्रस्ताव मी लिहिला आहे. तो मंजूर झाला तरी त्या पत्र्याखालची थंडी तशीच राहील, आणि फुकटची ऊब जाईल. त्याबद्दल काय करायचं हे प्रस्तावात लिहायला मला अजून जमलेलं नाही. बैठक रविवारी आहे. तोवर त्याने निखारे पाणी मारून तिथेच ठेवावेत असं मी त्याला सांगितलं आहे, आणि बिलातला आमचा महिन्याचा हिशोब आगाऊ दिला आहे. आज रात्रीचं तापमान 5 अंश असेल असा अंदाज आहे.